गंडलो म्हणायचं

दोन वर्षांच्या आत आमच्या गावात दोन माणसं लुबाडली गेली. पहिले सयाजीराव आणि दुसरा मी.

सयाजीराव पलटणीतून सुभेदार होऊन आले आणि त्यांनी दोन एकर द्राक्षबाग धरली. तासगावच्या बाजूनं जीपमधून फिरणारा एक माणूस त्यांना भेटला आणि बिनबियांच्या जातीच्या म्हणून काड्या देऊन गेला. तिसऱ्या वर्षी घड लागले. मणी फोडला की आत दोन-दोन बिया. त्या आठवड्यात त्यांच्या सोप्यात रोज माणसं बसायला जात होती, मयताच्या घरी जावीत तशी. मीही गेलो आणि पायरीखाली उभा राहिलो. जो तो म्हणत होता, "फसवलं हो सुभेदारास्नी. भल्या माणसाला फसवलं." मीही म्हणालो. त्या जीपवाल्याच्या सात पिढ्या लोकांनी शिव्यांनी उद्धरल्या. सयाजीराव सुपारी कातरत बसले होते. कुणाकडं बघत नव्हते.

पुढं बाग तोडायला मीच होतो, रोजगारानं. सहा दिवस कुऱ्हाड चालवली. वेलीचे बुंधे मनगटाएवढे झालेले, घाव घातला की आतून पाणी गळायचं. सयाजीराव बांधावर उभे असायचे. एकदा आपणहून म्हणाले, "त्याच्याकडनं लिहून घ्याया पायजे हुतं, आण्णा. तोंडाचं काय खरं न्हाई."

माझं रान तीस गुंठे. ते त्यांच्या रानाला लागून आहे आणि मधोमध विहीर आहे. ती खणली तेव्हा माझ्या बापानं दोन उन्हाळे खडक फोडला होता. सुरुंगाचा एक कपरा त्याच्या खांद्यात मरेपर्यंत राहिला. त्या कामाच्या बदल्यात आम्हाला चौथाई पाणी, आठ दिवसांत दोन दिवस. ही पाळी चाळीस वर्षं चालली. माझ्या घरात तेवढंच होतं. पाणी होतं म्हणून तीस गुंठ्यांत हळद होती, आणि हळद होती म्हणून माझ्या बायकोला, मुक्ताबाईला, वर्षाचे सहा महिने दुसऱ्याच्या बांधावर जावं लागत नव्हतं.

त्र्याण्णव साली साक्षरतेचे वर्ग निघाले. आमच्या समाजमंदिरात दिवस मावळताना वर्ग भरायचा. शिकवायला माझी मुलगी आम्रपाली होती. ती बारावी झालेली. शिकायला अकरा बाया आणि आम्ही चार बाप्ये. माझं वय बावन्न. नांगराची मूठ धरलेला हात. खडू धरला की मोडायचा, पेन्सिल दाबली की पाटी किंचाळायची. साळूबाई माझ्यापेक्षा मोठी, तोंडानं तिखट. ती म्हणायची, "आण्णा, पाटी हाय ती. नांगरू नगा."

सगळे हसायचे. आम्रपाली हसायची नाही. ती मागं येऊन माझ्या मुठीवर हात ठेवायची आणि हात वळवायची. चार महिन्यांत माझी सही आली. सहा महिन्यांत मी बोट ठेवून वाचायला लागलो. एसटीची पाटी वाचेपर्यंत गाडी निघून जायची, पण वाचायचो.

त्याआधी मी अंगठ्याचा माणूस. बापानं एक रीत लावून दिली होती: अंगठा द्यायचा तर कागद दोघांकडून वाचून घ्यायचा, आणि ते दोघं एकमेकांशी न बोलणारे पाहिजेत. गिरणीवाला आणि शाळेतले गुरुजी यांचं वैर होतं. मी जन्मभर कागद घेऊन आधी गिरणीत जायचो, मग शाळेत. दोघांचं वाचणं जुळलं तरच शाई लावायचो. माझ्या अंगठ्याचा घोटाळा कधी झाला नाही.

मार्चच्या शेवटाला परीक्षा झाली. शाळेच्या पटांगणात कार्यक्रम ठेवला. सरपंच भाऊसो होते, आणि गावाच्या साक्षरता समितीचे अध्यक्ष म्हणून सयाजीराव होते. एक मोठा पांढरा कागद टेबलावर पसरला होता. नाव पुकारलं की पुढं जायचं आणि सही करायची. साळूबाईनं केली, टाळ्या पडल्या. मी केली. आम्रपाली कोपऱ्यात उभी होती, पदर दातात धरून.

मी मागं वळतोय तेवढ्यात सयाजीरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "थांब गड्या. हिरीवर नवी मोटर बसवायचीया. वीज मंडळाला आपल्या दोघांची संमती लागती. आज शिकलास, तर पयली कामाची सही माज्या कागदावर कर."

भाऊसो म्हणाले, "वा. ह्येला म्हणत्यात साक्षर गाव."

कागद दाट लिहिलेला, दोन्ही बाजूंनी. मी पहिली ओळ वाचली. 'लिहून देणार आण्णा' इथवर आलो. माझं नाव मीच वाचलं म्हणून मला बरं वाटलं. पुढचं वाचायला मला पाऊण तास लागला असता, ओठ हलवत, बोट सरकवत. मागं सगळा वर्ग उभा होता. चहाचं आधण उतरलं होतं. दोघांकडून वाचून घ्यावा असं मनात आलं. पण त्या दिवशी, त्या ठिकाणी, लेकीच्या देखत मी "कुणीतरी वाचून दाखवा" म्हणालो असतो तर सहा महिने तिनं काय शिकवलं? मी सही केली. नीट केली. वरची रेघ सरळ ओढली.

सयाजीरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मारण्याखेरीज त्या घरचा हात आमच्या घरातल्या कुणाच्या पाठीवर याआधी पडला नव्हता. मी घरी येऊन मुक्ताबाईला ते सांगितलं. ती भाकरी थापत होती. "कागदात काय हुतं?" तिनं विचारलं.

"मोटरीचं."

"वाचलं न्हवं?"

"वाचलं," मी म्हणालो.

मेच्या मध्याला हळद लावायला घेतली. बेणं लिंबाच्या सावलीत उसाच्या पाल्याखाली झाकून ठेवलेलं. ते काढलं, सडकं निवडून टाकलं. मी बैलानं सऱ्या सोडल्या. माती एवढी तापलेली की चप्पल काढली की पाय उचलून ठेवावा लागे. मुक्ताबाई वाकून वीत-वीत अंतरावर गड्डा ठेवत पुढं जाई, आणि मागून आम्रपाली पायानं माती लोटी. दोन दिवसांत तीस गुंठे झाले. मुक्ताबाईची कंबर संध्याकाळी सरळ होईना. ती बांधाला धरून उठली आणि म्हणाली, "मंगळवारी पाणी भेटलं की झालं." लावल्यावरचं हे पहिलं पाणी, त्याला आम्ही आंबवणी म्हणतो. ते वेळेत मिळालं नाही तर गड्डा मातीत भाजून निघतो.

मंगळवारी सकाळी लाईट आल्या आल्या मी विहिरीवर गेलो. मोटरीच्या पेटीला नवं कुलूप होतं. पितळी.

मी सयाजीरावांच्या दारात गेलो. ते सोप्यात न्याहारीला बसले होते.

"पेटीला कुलूप हाय, सयाजीराव. चावी द्या."

"कशाला?"

"आज माजी पाळी हाय."

"तुजी पाळी कसली रं? लिहून दिलंस की हक्क सोडला म्हणून."

"म्या मोटरीची संमती दिली हुती."

"वाचून सही केलीस न्हवं? आता तू काय अंगठेबाद्दर न्हाईस." त्यांनी हात धुतला, आत गेले आणि कागदाची नक्कल आणून माझ्या हातात दिली. "वाच. निवांत वाच."

पायरीखाली उन्हात उभा राहून मी वाचलं. ते पुन्हा न्याहारीला बसले. त्यांची भाकरी संपली, ताक पिऊन झालं, तेव्हा मी चौथ्या ओळीवर होतो. 'सदर विहिरीतील चौथाई पाण्याचा हक्क मी राजीखुशीने व कायमचा सोडून देत आहे.' मोटरीचं नाव शेवटी एकदा आलं होतं. खाली माझी सही. वरची रेघ सरळ.

त्यांची बायको मनुबाई ताट न्यायला आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "आवं, आंबवणीपुरतं तरी द्या. लावण झालीया त्यांची."

सयाजीरावांनी नुसतं बघितलं. ती ताट घेऊन आत गेली.

"मला बाग धरायचीया पुन्यांदा," ते मला म्हणाले. "हिरीला दोघांस्नी पुरंल एवढं पाणी न्हाई. आन म्या काय चोरून न्हाई घेतलं. चारचौघांत घेतलं."

दुपारपर्यंत गावभर झालं. पाराजवळून जाताना ऐकू आलं, "आण्णा गंडला." तेवढंच. सयाजीरावांचं नाव त्या वाक्यात कुठं नव्हतं. पार ओलांडला तर दुसरा कुणीतरी म्हणाला, "शिकला आन गंडला," आणि सगळे मोकळेपणी हसले. माझ्या घरी कुणी बसायला आलं नाही. गंडलेल्याच्या घरी बसायला जात नाहीत.

साळूबाई तेवढी आली, तीही दारातच थांबली. म्हणाली, "आमी अंगठा द्यायचा म्हणलं की धा जणांस्नी इचारतो. तुमी ऐटीत सही केली. आता मला बी नगं ती पाटी." तिनं पाटी उंबऱ्यावर ठेवली. आम्रपालीनं ती उचलली नाही. दिवसभर तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी आम्रपाली एसटीनं तासगावला वकिलाकडं गेली. उन्हं उतरताना परत आली, पाणीही न पिता बोलायला लागली. "कागद टिकायचा न्हाई म्हणतात वकील. नोंदणी न्हाई, काही न्हाई. पण दावा लावाया पायजे. सात-आठ वर्षं जातील."

मुक्ताबाई म्हणाली, "बेण्याला सात-आठ दिस हायती."

आम्रपालीनं वहीचं पान फाडलं आणि तहसीलदारांना अर्ज लिहिला. साक्षरतेच्या जिल्ह्याच्या कचेरीला दुसरा लिहिला. मला वाचून दाखवला. 'माझ्या वडिलांची फसवणूक करून' असं त्यात होतं. मी तिला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. त्या दोन दिवसांत तसं म्हणणारं माणूस मला भेटलं नव्हतं.

"करा सही," ती म्हणाली.

मी आधी सगळा अर्ज वाचला, मग सही केली. ती थांबून राहिली.

येरळा नदी कोरडी होती. पात्रात कमरेएवढा झरा उकरला की तळाशी पाणी पाझरायचं. तांब्यानं घागर भरायची, डोक्यावर घ्यायची, दरड चढून रानात आणायची. पाऊण मैल. मुक्ताबाई दोन घागरी घ्यायची, मी खांद्यावर कावड घेतली. एका सरीला चाळीस घागरी लागत होत्या आणि सऱ्या ऐंशीच्या वर. पाणी ओतलं की माती ते बघता-बघता प्यायची. डाग उरायचा, तोही घागर भरून परत येईतो वाळायचा. वाटेत सयाजीरावांची मोटर ऐकू यायची. नव्या बागेच्या खड्ड्यांत पाणी सोडलेलं होतं. रोप एकही नव्हतं, नुसते खड्डे भरत होते.

चौथ्या दिवशी मुक्ताबाई दरडीवर घसरली. घागर फुटली नाही, पितळेची होती. नुसता पोचा आला. तिची चुंबळ गडगडत खाली गेली. मी आणायला निघालो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." आणि तशीच बसली, पाय पसरून, भिजलेल्या लुगड्यात. तिची मान आखडलेली. बोलायचं तर सगळं अंग वळवून बोलायची. मी एका सरीत हात घालून गड्डा उकरला. कोंभ फुटायला आलेला, पण त्याचं टोक काळं पडलं होतं. मी तो तिला दाखवला नाही. तिनं बघितला.

त्याच दिवशी तलाठी आला. अर्जाची चौकशी लागली होती. त्यानं मला आणि सयाजीरावांना दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीत बोलावलं.

चावडीत भाऊसो होते, तलाठी होता, पाच पंच होते. दारात आणि खिडकीत गाव होतं. सयाजीरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. माझ्याबरोबर आम्रपाली आली. मुक्ताबाई बाहेर पायरीवर बसली.

भाऊसो म्हणाले, "हे बघ आण्णा. वढून ताणून कुणाचंच भलं न्हाई. सुभेदार पाणी द्याया तयार हायती. पयल्यावानी दोन दिस. आजपासनं."

"मग कागद फाडा," आम्रपाली म्हणाली.

"कागद ऱ्हाईल," सयाजीराव म्हणाले. "पर पाणी देतो. जवर मी हाय तवर. त्येच्या बदल्यात अर्ज मागं घ्यायचा आन आण्णानं लिहून द्यायचं की मला कुणी फसवलं न्हाई, माजीच चूक झाली. बावीस वर्षं पलटणीत काढली म्या. सरकारी कागदावर माज्या नावाम्होरं फसवणूक लागलेली चालणार न्हाई."

"पण फसवलं तर तुमीच."

"म्या कागद दिला, त्येनं सही केली. आता त्यो गंडला त्याला मी काय करू?"

खिडकीतून कुणीतरी "खरं हाय" म्हणालं.

आम्रपाली उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. "सयाजीकाका, त्या द्राक्षाच्या वक्ताला तुमी गंडला हुता का तुमास्नी फसवलं हुतं?"

सयाजीरावांचा चेहरा उतरला. बागेच्या वेळी सोप्यात बसलेले असायचे तसे ते खाली बघायला लागले. बोलले भाऊसो. "पोरी, ती गोष्ट येगळी. सुभेदारास्नी फसवलं हुतं. जानता माणूस काय गंडत न्हाई."

"आन माजा बाप?"

याचं उत्तर द्यायची गरज कुणाला वाटली नाही.

मी उठून बाहेर मुक्ताबाईकडं गेलो. ती सगळं अंग वळवून माझ्याकडं बघायला लागली.

"काय करू?" मी विचारलं.

"म्हणा तसं. शब्दानं काय अंगाला भोक पडत न्हाई. सऱ्या वाळल्या."

"आमू नगं म्हणती."

"आमूनं घागरी न्हाई आणल्या," ती म्हणाली. मग आपणच, "आणल्या तिनं बी. पर ती नगं म्हणू शकती. तिचं अजून म्होरं लय हाय. आपलं हितंच हाय."

मी आत गेलो. तलाठ्यानं जबाब लिहूनच ठेवला होता. मी म्हणालो, वाचतो. तलाठ्यानं घड्याळ बघितलं. मी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, एकेक अक्षर. 'माझी कोणीही फसवणूक केलेली नाही. माझ्या अडाणीपणामुळे माझा गैरसमज झाला.' अडाणीपणा हा शब्द मला तीनदा सुरुवात करून वाचता आला. खिडकीतली काही माणसं कंटाळून गेली. सगळा वाचला आणि सही केली.

"तोंडानं बी सांग," भाऊसो म्हणाले. "तलाठ्याचं लिव्हणं पंचांस्नी कळायचं न्हाई. आपल्या भाषेत सांग."

मी आम्रपालीकडं बघितलं नाही.

"मला कुणी फसवलं न्हाई," मी म्हणालो. "मीच गंडलो."

मागं कुणीतरी हसलं. सयाजीराव हसले नाहीत. त्यांनी खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बास झालं."

अकराला लाईट आली. मोटर सुरू केली. पाटातून पाणी आलं, त्याच्या पुढं पालापाचोळा आणि मुंग्या वाहत आल्या. आम्रपालीनं माझ्या हातातलं खोरं घेतलं आणि दारी मोडायला लागली. एकेक सरी भरायची, माती टाकून बंद करायची, पुढची मोडायची. तापलेल्या मातीत पाणी शिरताना तव्यासारखा आवाज होत होता. मी मदतीला वाकलो तर ती दुसऱ्या सरीवर गेली. संध्याकाळी तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले होते, आणि ती पाटात उभी राहून ते धूत होती, कितीतरी वेळ.

हळद निम्मी उगवली. निम्म्या जागेत आम्ही मका टोकला. पाळी चालू राहिली. फक्त दर मंगळवारी चावी मागायला मला त्यांच्या पायरीखाली जावं लागतं. कधी ते जेवत असले तर थांबावं लागतं. मनुबाई आतून बघते.

जूनमध्ये वर्गाची पुढची पुस्तकं आली. आम्रपालीनं समाजमंदिर झाडलं, चटई टाकली, आठ दिवस बसली. कोणी आलं नाही. बाया रेशनच्या दुकानात पुन्हा अंगठा द्यायला लागल्या. साळूबाई तर नळावर सांगायची, "अंगठ्याला अक्षर नसतं, म्हणून त्यो गंडत न्हाई." नवव्या दिवशी आम्रपालीनं पुस्तकं दोरीनं बांधली आणि माळ्यावर टाकली. पुढं ती मिरजेला एका दवाखान्यात कामाला लागली. पंधरा दिवसांनी यायची, आईला मान चोळायला तेल आणायची.

दोन वर्षांनी तिला बघायला मिरजेची माणसं आली. मुलगा रेल्वेत, त्याचा बाप रेल्वेतूनच निवृत्त झालेला. चांगली, शिकलेली माणसं. दारातूनच जयभीम घातला, घोंगडीवर मोकळे बसले, घराचं, रानाचं विचारलं. मुलाचा बाप मला म्हणाला, "तुमच्या विहिरीचं आमच्या कानावर आलं होतं. मोठ्या माणसानं फसवलं म्हणे तुम्हाला."

ते माझ्या बाजूनं बोलत होते. घरात चावडी नव्हती, पंच नव्हते. पाणी अडकलेलं नव्हतं. मी तोंड उघडलं.

"न्हाई," मी म्हणालो. "कुणी न्हाई फसवलं. मीच गंडलो."

मी हे खरं मानून बोललो होतो. म्हणून झाल्यावर मला ते कळलं.

आम्रपाली चहाचं ताट घेऊन आतून आली होती. ती उभी राहिली. मग तिनं पाहुण्यांना एकेक कप दिला, मुलाच्या आईला दिला, मुलाला दिला. माझा कप ताटात उरला होता. तो तसाच घेऊन ती आत गेली.